मीठ कुणाचं? १८५७ चं नागपूरचं घोडदळ आणि आपण

(भद्रावती इथे तरुण मित्रमैत्रिणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला होता, ‘स्वातंत्र्यलढ्यात मुसलमानांचं योगदान’. मी त्यांना म्हटलं, एवढा मोठा विषय तासाभरात बसवायचा तर त्याची यादी होते. नावं वाचली जातात, टाळ्या पडतात आणि घरी पोचेपर्यंत त्यातलं एकही नाव डोक्यात राहत नाही. म्हणून मी आज फक्त एका रात्रीबद्दल आणि तिच्या आगेमागे काय झालं त्याबद्दल बोलणार आहे. तारीख १३ जून १८५७. गाव नागपूर. इथून रेल्वेनं दोन-अडीच तासांचं अंतर.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. माझ्या कामात एखादी सिस्टिम बंद पडली की आम्ही आधी लॉग वाचतो, म्हणजे यंत्रानं स्वतः लिहून ठेवलेली नोंद. आणि ती वाचताना पहिला प्रश्न असतो, ही नोंद कोणी लिहिली? १३ जूनच्या रात्रीची जी नोंद आपल्याकडे आली, ती लिहिणारे इंग्रज अधिकारी होते. ज्यांना फाशी झाली, त्यांनी लिहिलेलं काही आपल्या हातात आलेलं नाही. एवढं ध्यानात ठेवून पुढचं ऐका.

आधी थोडी पार्श्वभूमी. नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ ला वारले. त्यांना मुलगा नव्हता. लॉर्ड डलहौसीनं दत्तक मान्य केला नाही आणि मार्च १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं. त्या राज्यात आपला चांदा जिल्हाही होता, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली. डलहौसीनं आपल्या टिपणात नागपूरच्या कापसाचा उल्लेख केला होता. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या मातीत तो पिकत होता. पुढे राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात काढले. दागिने कलकत्त्याला गेले. नागपूरच्या लोकांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं.

राज्य गेलं तसं राजाचं सैन्यही मोडलं. त्यातून काही माणसं घेऊन इंग्रजांनी एक नवी फौज उभी केली. तिला ‘नागपूर इरेग्युलर फोर्स’ म्हणत. कंपनीची नेहमीची पलटण वेगळी आणि ही वेगळी. ही स्थानिक फौज होती, नागपूरच्या कमिशनरच्या कारभाराखाली. पायदळ, तोफखाना आणि एक घोडदळ. घोडदळाचा तळ टाकळीला होता. आजही नागपुरात ‘पोलीस लाईन टाकळी’ हा पत्ता चालतो.

आता या घोडदळात नोकरी म्हणजे काय, ते समजून घेऊ. कारण ते समजलं नाही तर त्या रात्री कुणी काय पणाला लावलं, तेही समजणार नाही. आपल्याकडे मराठी फौजेत दोन शब्द होते. ज्याला सरकार घोडा देई तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन येई तो शिलेदार. आज आपण पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याला शिलेदार म्हणतो, पण मूळ अर्थ हा आहे. इंग्रजांनी त्यांच्या इरेग्युलर घोडदळांसाठी साधारणपणे हीच शिलेदारी पद्धत उचलली. साध्या पायदळ शिपायाला महिना ७ रुपये मिळत. शिलेदार स्वाराला २० रुपयांच्या आसपास. पण त्यातूनच घोड्याचा चारा-दाणा, खोगीर, दुरुस्ती सगळं भागवायचं. घोडा ही घरची मालमत्ता असायची. बऱ्याचदा तो घेताना कर्ज काढलेलं असायचं.

अशा पलटणीत गोरे अधिकारी दोन-चारच असत. बाकीचं रोजचं नेतृत्व देशी अधिकाऱ्यांकडे, म्हणजे रिसालदार, जमादार, दफेदार यांच्याकडे. सैन्यात हिंदी माणसाला एवढा मान दुसरीकडे क्वचितच होता. म्हणजे हे भुकेकंगाल लोक नव्हते. त्यांना पगार होता, हुद्दा होता, गावात इज्जत होती. आजच्या भाषेत सांगायचं तर पक्की नोकरी होती.

मे महिन्यात मेरठला ठिणगी पडली, दिल्ली बंडवाल्यांच्या ताब्यात गेली आणि ती खबर नागपुरात आली. टाकळीच्या घोडदळातले काही लोक आणि शहरातले काही प्रतिष्ठित मुसलमान यांच्यात बोलणी सुरू झाली. तेवढ्यात घोडदळाच्या एका तुकडीला सिवनीकडे कूच करण्याचा हुकूम आला. तुकडी बाहेर गेली असती तर ताकद अर्धी झाली असती. म्हणून १३ जूनची रात्र ठरली. इंग्रजी नोंदींप्रमाणे खूण अशी होती की मध्यरात्री शहरातून पेटते फुगे आकाशात सोडायचे. ते दिसले की घोडदळानं उठायचं आणि पायदळाला सोबत घ्यायचं.

पायदळाला उठवायचं काम दिलदार खान यांच्याकडे होतं. ते पायदळाच्या लाईनीत गेले. तिथेच पकडले गेले. पायदळ हललं नाही, तोफखाना हलला नाही. इंग्रज अधिकाऱ्यांना सुगावा लागला, बायकामुलांना सुरक्षित जागी नेलं आणि कामठीच्या छावणीतून मद्रासची फौज बोलावली. घोडदळाकडे पाहायला गेले तेव्हा घोड्यांवर खोगीर चढत होतं. बस, एवढंच झालं. गोळी सुटायच्या आत सगळं संपलं.

पुढे घोडदळाची हत्यारं काढून घेतली. खटले चालले. घोडदळाचे काही देशी अधिकारी आणि शहरातले पुढारी मुसलमान यांना सीताबर्डीच्या किल्ल्याच्या तटावर, शहराला दिसेल असं, फासावर दिलं. दिलदार खान, इनायतुल्ला खान, विलायत खान, नवाब कादर खान ही नावं आपल्यापर्यंत आली आहेत. किल्ल्याशी जोडलेली लोकांची आठवण नऊ शहिदांची आहे. सरकारी नोंदीत मोजकी नावं आणि लोकांच्या ओठांवर नऊ, हा फरकही लक्षात घ्या. जेत्याच्या कागदात सगळी माणसं येत नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. ज्यांनी यांना फाशी दिली, त्यांच्या भाषेत या लोकांचा गुन्हा काय होता? नमकहरामी. कंपनीचं मीठ खाल्लं आणि कंपनीवर उलटले. हा शब्द आपल्या घरात अजून चालतो. आजी म्हणते, ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी इमान राखावं. आजीचं बरोबर आहे. प्रश्न एवढाच की ते मीठ कुणाचं होतं?

टाकळीच्या स्वाराचा पगार लंडनहून येत नव्हता. तो नागपूरच्या खजिन्यातून येत होता. खजिना भरत होता भंडाऱ्याचा धान पिकवणारा, वऱ्हाडाच्या सीमेवरचा कापूस पिकवणारा, चांद्याच्या जंगलात राबणारा माणूस. १८५४ पर्यंत तोच पैसा भोसल्यांच्या नावानं वाटला जात होता, १८५४ नंतर कंपनीच्या नावानं. वाटणारा हात बदलला होता. पिकवणारा हात तोच होता. मग त्या स्वारांनी इमान कुणाशी राखायचं होतं? माझं उत्तर असं आहे की मीठ रयतेचं होतं आणि खोगीर चढवणाऱ्या त्या माणसांनी ते ओळखलं होतं. त्यांना बाकी काय हवं होतं, कुणाचं राज्य आणायचं होतं, यावर इतिहासकार वाद घालोत. पण पगारदार माणसानं, ज्याचा घोडासुद्धा जप्त होणार होता, त्यानं पगार देणाऱ्याच्या विरुद्ध उभं राहणं ही साधी गोष्ट नाही.

आता मला तुमच्या मनातली एक सोपी कहाणी मोडायची आहे. ती कहाणी अशी, ‘मुसलमान उठले आणि बाकीच्यांनी साथ दिली नाही.’ किंवा उलटी कहाणी, ‘बंड मुसलमानांचं होतं, बाकीच्यांचा काय संबंध?’ दोन्ही खोट्या आहेत.

नागपूर शांत ठेवायला इंग्रजांना सगळ्यात जास्त मदत कुणाची झाली? बांकाबाई भोसले यांची. दुसऱ्या रघूजींच्या विधवा, वयोवृद्ध, राजघराण्याच्या. ज्यांचं राज्य तीनच वर्षांपूर्वी गेलं होतं, त्यांनीच आपलं वजन इंग्रजांच्या बाजूनं टाकलं. आणि कामठीहून जी मद्रासची फौज आली, त्या मद्रासच्या घोडदळात कोण असत? दक्षिणेतल्या मुसलमान घराण्यांतले स्वार मोठ्या संख्येनं. म्हणजे त्या दिवसांत टाकळीचा मुसलमान स्वार फासावर गेला आणि ज्या फौजेच्या जोरावर त्याला निःशस्त्र केलं, तिच्यातही मुसलमान होते. दोघांचा कलमा एक, निवड वेगळी.

आता आपल्या जिल्ह्यात या. पुढच्याच वर्षी, मार्च १८५८ मध्ये, मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी राजगड परगण्यावर चाल केली. अडपल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. बाबूरावांच्या फौजेत कोण होतं? इंग्रजी नोंद सांगते, गोंड आणि रोहिले. रोहिले म्हणजे पठाण. निजामाच्या मुलुखात आणि या जंगलपट्टीत ते शिपाईगिरी करून राहत. बाबूरावांचा फोटो आपल्या चौकात लागतो, लागायलाच हवा. पण त्यांच्या खांद्याला खांदा लावून लढलेल्या रोहिल्यांची नावं त्या फोटोखाली नसतात, आणि आपणही कधी विचारत नाही.

२९ एप्रिलला प्राणहितेच्या काठी चिंचगुडीला तारखात्याच्या कामावरचे गार्टलँड आणि हॉल मारले गेले. त्यांचा सोबती पीटर निसटला आणि खबर चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रायटन यांच्यापर्यंत गेली. मग इंग्रजांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दाब आणला. बाबूराव पकडले गेले ते त्यांच्या माणसांकडून. त्याही गोंड, बाबूरावही गोंड. १८ सप्टेंबरला त्यांना चांद्याला आणलं आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं. व्यंकटराव बस्तरकडे गेले. १८६० मध्ये बस्तरच्या राजानं त्यांना पकडून दिलं आणि त्यांना जन्मठेप झाली.

तारीख पुन्हा पाहा, २१ ऑक्टोबर. त्यानंतर अकराच दिवसांनी, १ नोव्हेंबर १८५८ ला, व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचला गेला. कंपनीचं राज्य संपलं, राणीचं सुरू झालं. जाहीरनाम्यात माफी होती, पण इंग्रज प्रजाजनांच्या खुनात प्रत्यक्ष हात असलेल्यांना ती नव्हती.

नागपूर आणि चांदा शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट दिसते. उठणारे सगळ्या समाजांत होते आणि उठणाऱ्यांना पकडून देणारेही सगळ्या समाजांत होते. अहमदनगरकडे भागोजी नाईक होते. भिल्ल समाजातले, आधी इंग्रजांच्याच पोलिसात अधिकारी. शिक्षा भोगून आल्यावर त्यांनी बंड केलं. ४ ऑक्टोबर १८५७ ला नांदूर शिंगोटे इथे पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री त्यांच्याशी लढताना मेला आणि नाईक दोन वर्षांहून जास्त काळ लढत राहिले. ११ नोव्हेंबर १८५९ ला ते सिन्नर तालुक्यात मारले गेले. इंग्रजांची वर्दी घातलेला भिल्ल, इंग्रजांची वर्दी घातलेला पठाण, इंग्रजांना कर भरणारा गोंड जमीनदार. प्रत्येकाची वाट वेगळी, कारणं वेगळी. एका जातीला किंवा धर्माला ‘वफादार’ आणि दुसऱ्याला ‘गद्दार’ असा शिक्का मारायचा असेल, तर १८५७ चे कागद त्यासाठी उपयोगाचे नाहीत.

आता तुमच्या मोबाईलकडे वळतो. दर १५ ऑगस्टला एक फॉरवर्ड येतो. इंडिया गेटवर स्वातंत्र्यसैनिकांची नावं कोरली आहेत आणि त्यात साठ हजारांहून जास्त मुसलमान आहेत. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो वाचला असेल. इंडिया गेटवर मुळात सुमारे १३ हजार नावं आहेत. आणि ती कुणाची? पहिल्या महायुद्धात आणि तिसऱ्या अफगाण युद्धात ब्रिटिश साम्राज्यासाठी लढताना पडलेल्या सैनिकांची. ते स्मारक इंग्रजांनी बांधलं आणि १९३१ मध्ये इंग्रजांनीच त्याचं उद्घाटन केलं. त्या सैनिकांच्या मरणाबद्दल मला आदर आहे. पण ते राजाच्या फौजेत राहून मेले. दिलदार खान ती फौज सोडताना मेले. स्वातंत्र्याचा पुरावा म्हणून आपण एकाची नावं दाखवतो आणि दुसऱ्याचं नाव आपल्याला माहीतही नसतं.

असं का होतं? कारण आपल्याला घाई असते. कॉलेजात, कँटीनमध्ये, एखाद्या मुलाखतीत कुणीतरी हसत हसत विचारतो, ‘तुमचं काय योगदान?’ आणि आपण घाबरून आकडा शोधायला लागतो. साठ हजार म्हटलं की समोरचा गप्प बसेल असं वाटतं. समोरचा गप्प बसत नाही, तो गूगल करतो. मग खऱ्या शहिदावरही कुणी विश्वास ठेवत नाही. खोटा आकडा आपल्याच खऱ्या माणसांचं नुकसान करतो.

आणि दुसरं. या देशातलं माझं नागरिकत्व दिलदार खान यांच्या फाशीवर उभं नाही. ते फासावर गेले नसते, टाकळीचं घोडदळ त्या रात्री गाढ झोपलं असतं, तरी मी याच देशाचा तितकाच नागरिक असतो. बांकाबाईंनी इंग्रजांना मदत केली म्हणून आज कुणी मराठा माणसाला देशभक्तीचा दाखला मागत नाही, आणि मागूही नये. मग आपणही आपल्या शहिदांना दाखला म्हणून खिशात घेऊन फिरायचं कशाला? त्यांची आठवण ठेवायची ती त्यांनी काय ओळखलं यासाठी.

इथे बसलेल्यांपैकी काही जण पोलीस भरतीची तयारी करतायत, हे मला माहीत आहे. सकाळी मैदानावर धावताना दिसता तुम्ही. कुणी सैन्यात जाईल, कुणी वन खात्यात, कुणी इथल्या आयुध कारखान्यात. तुम्ही मला विचाराल, ‘भाई, म्हणजे वर्दी घालून उद्या आम्हीही बंड करायचं का?’ नाही. आणि याचं कारण बाबासाहेबांनी सांगून ठेवलं आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत ते म्हणाले, त्याचा आशय असा की जेव्हा सनदशीर मार्ग बंद होते, तेव्हा इतर मार्गांना काही समर्थन होतं. आता सनदशीर मार्ग खुले आहेत, तेव्हा ते समर्थन उरलं नाही. टाकळीच्या स्वाराला मत नव्हतं. त्याला विधानसभा नव्हती, हायकोर्ट नव्हतं, माहितीचा अधिकार नव्हता. त्याच्याकडे एक घोडा होता आणि एक रात्र होती.

आपल्याकडे बाकी सगळं आहे. शिवाय शपथ बदलली आहे. त्यांची शपथ कंपनीशी होती, आपली शपथ संविधानाशी आहे. सैन्य कायद्यातसुद्धा वरिष्ठाचा ‘कायदेशीर’ हुकूम मोडणं हा गुन्हा आहे. हा ‘कायदेशीर’ शब्द छोटा दिसतो, पण तो महत्त्वाचा आहे. उद्या वर्दीत असताना कुणी सांगितलं की अमुक वस्तीतल्या माणसाची तक्रार लिहून घेऊ नको, तर ती लिहून घ्या. मग ती वस्ती कुणाचीही असो. पगार कोण देतं, हे त्या वेळी आठवा. मीठ अजूनही रयतेचंच आहे.

आणि जे वर्दीत जाणार नाहीत, माझ्यासारखे ऑफिसात बसणार आहेत, त्यांनाही हे लागू आहे. आमच्या क्षेत्रात लोकांचा डेटा हाताळायची कामं असतात. कधी वरून सांगितलं जातं, एवढं विचारू नका, करून टाका. तेव्हाही प्रश्न तोच असतो, हे काम ज्यांच्या जिवावर चाललं आहे ती माणसं कोण?

शेवटी, कामाचं सांगतो. भाषण ऐकून घरी जाऊ नका, काहीतरी हातात घेऊन जा. महाराष्ट्र सरकारची जिल्हा गॅझेटियरं इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. नागपूर आणि चंद्रपूरचं १८५७–५८ चं प्रकरण आधी वाचा. नागपूरला राज्य पुराभिलेखागाराचं कार्यालय आहे, तिथे जुन्या मध्य प्रांताची कागदपत्रं आहेत. चार जणांनी मिळून जा. ज्याला इंग्रजी येतं त्यानं इंग्रजी वाचावं, ज्याला उर्दू येतं त्यानं उर्दू. मोडी शिकायची असेल तर वर्ग चालतात, शिका. सीताबर्डीचा किल्ला प्रादेशिक सेनेच्या ताब्यात आहे. वर्षातले ठरावीक राष्ट्रीय दिवस सोडले तर तो लोकांसाठी बंद असतो. २६ जानेवारीला, १ मे ला, १५ ऑगस्टला तो उघडतो. त्या दिवशी जा, तट बघा, गावातल्या गोंड, बौद्ध, कुणबी मित्रांना सोबत न्या.

आणि २१ ऑक्टोबरला चंद्रपूरला बाबूरावांना अभिवादन करायला लोक जमतात. त्या गर्दीत जाऊन उभे राहा. कुणी विचारलं, ‘तुम्ही इथे कसे?’ तर सांगा, बाबूरावांच्या फौजेत रोहिले होते. त्यांची नावं शोधायचं काम आम्ही सुरू केलं आहे. पण हे सांगायच्या आधी ते काम खरंच सुरू करा.